इमान शिकवणारं विद्यापीठ

आमच्या गावाकडं विमानाला इमान म्हणतात. विहिरीला इहीर, विठोबाला इठोबा, तसं विमानाला इमान. शब्दाच्या सुरुवातीचा 'व' खाऊन टाकायची आमची खोडच आहे. मी बी.ए. झाले, बी.एड. केलं, अहमदपूरच्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. वर्गात फळ्यावर 'विमान' शुद्ध लिहिणारी मी घरी भावाशी बोलायला लागले की तोंडातून इमानच येतं. त्या गाळलेल्या 'व'नं नांदेडात आमची जी फजिती केली, तिथूनच हा प्रवास सांगायला पाहिजे.

जायचं कारण माझी भाची अंकिता. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, त्याला मी दादा म्हणते. ही त्याची एकुलती एक पोरगी. बारावीला चांगले मार्क पडले आणि कुणाला न सांगता हिनं विमानविद्येच्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. पास झाल्यावर आधी मला सांगितलं, कारण बापाला सांगायचं धाडस नव्हतं. या विद्यापीठाचं मूळ ठिकाण लांब दुसऱ्या राज्यात आहे, पण दोन शाखा आपल्याकडं आहेत. नांदेडला विमानाचं शास्त्र शिकायचं आणि मग लातूरला प्रत्यक्ष उडवायचं.

मी ते दादाच्या कानावर घातलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मोबाईलमधलं मला दाखवू नका. मी डोळ्यानं बघतो. दोनी जागा बघतो. मंग हाव का न्हाई सांगतो."

माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं. पण हा माणूस पोरीला अहमदपूरच्या कॉलेजला सुद्धा मोटरसायकलवर सोडायचा आणि सुटायच्या वेळेला गेटावर उभा राहायचा. ती एकटी कधी तालुक्याच्या बाहेर गेलेली नव्हती. तेव्हा त्याच्या तोंडून 'हाव' निघणं सोपं नाही हे मलाही कळत होतं. वहिनीनं धपाटे बांधून दिले, वर दह्याचा डबा दिला, अंकितानं मूळ कागदांची पिशवी पाठीला लावली, आणि जूनच्या कोरड्या उन्हात आम्ही तिघं निघालो.

नांदेड

स्टँडवर उतरल्यावर रिक्षा दादानं ठरवली. रिक्षावाले चाचा पांढऱ्या दाढीचे, बोलायला गोड.

"कुठं जायचं भाऊ?"

"इमानाच्या शाळेत."

चाचांनी मान वळवून बघितलं. "ईमान की?"

"हाव, इमानाची. लई मोठी हाय म्हणं. बाहीरगावची लेकरं येत्यात शिकायला."

"लेकरं तर लांबलांबून येतात," चाचा म्हणाले. "दाखला कोणाचा?"

"ह्या पोरीचा."

चाचांनी आरशातून अंकिताकडं बघितलं, मग माझ्या टिकलीकडं बघितलं. पुढं काही विचारलं नाही. "अच्छी बात है," एवढंच म्हणाले, पण आवाज एकदम मऊ झाला आणि रिक्षा खड्डे चुकवत जायला लागली.

थोड्या वेळानं अंकिता माझ्या कानाशी आली. "आत्या, मॅपवर आपण उलट्या बाजूला चाललोत."

मी म्हटलं, "गप बस. चाचा इथलेच आहेत, त्यांना रस्ता कळतो." शिकलेल्या माणसानं पटकन बोलू नये असं मी वर्गात सांगते. रिक्षात मला ते सांगायला कुणी नव्हतं.

रिक्षा थांबली ती देगलूर नाक्याच्या बाजूला, एका गल्लीत, हिरव्या कमानीच्या दाराशी. आत पांढऱ्या टोप्या घातलेली लहान लहान पोरं मागंपुढं डोलत, एका सुरात पाठांतर करत होती. दादा खाली उतरला, कंबरेवर हात ठेवून त्यानं गच्चीकडं बघितलं, मागच्या पत्र्याकडं बघितलं.

"इमान कुठं उभं केलंय हो?"

चाचांनी आत जाऊन निरोप दिला. चष्मा लावलेले एक वयस्कर मौलवीसाहेब बाहेर आले. त्यांनी दादाला बसायला खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडं वळवला आणि फार अदबीनं विचारलं, "आपल्याला ईमानबद्दल काही विचारायचंय, असं कळलं."

"मला काय इचारायचं न्हाई," दादा म्हणाला. "हिला इमान उडवायचंय."

मौलवीसाहेबांचा हात दाढीवर होता तिथंच राहिला. चाचा हळूच "तौबा" म्हणाले. पाठांतर सुद्धा थांबल्यासारखं मला वाटलं, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. पण शब्द सुचायच्या आधी अंकिताच बोलली.

"विमान, काका. वि-मान. हवाई जहाज."

मौलवीसाहेबांनी आधी चष्मा काढला. मग हसू आवरेना म्हणून तोंडावर रुमाल धरला. चाचा तर रिक्षाला टेकून खाली बसले. दादा एकटाच, काय झालं ते न कळून, सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होता. ईमान म्हणजे त्यांच्याकडं धर्मावरची श्रद्धा, हे समजावून सांगितल्यावर तो कानापर्यंत लाल झाला.

"भाऊ," मौलवीसाहेब म्हणाले, "इथं लोक ईमान सांभाळायला येतात. उडवायला आलेले तुम्ही पहिले."

त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. निघताना अंकिताला म्हणाले, "बेटा, उडशील तेव्हा आमच्या गल्लीवरून जा. पोरं बघतील." चाचांनी पुढच्या रस्त्याचं भाडं घ्यायला साफ नकार दिला. चूक आपली अर्धी आहे म्हणाले. दादा वाटेत मला म्हणाला, "तू मास्तरीण ना? तुला कळालं न्हाई?" मी अंकिताच्या मोबाईलवरचा मॅप बघायला लागले.

विद्यापीठ शहराबाहेर, विमानतळाच्या भिंतीला लागून. मला वाटलं होतं आपल्या कॉलेजासारखी इमारत असेल, पोर्च, बाग, संस्थापकांचा पुतळा. तसलं काही नाही. बाजार समितीच्या गोदामासारखी उंच पत्र्याची शेड, आणि तिच्या दारात बुटांची रांग. देवळात शिरतो तसं दादानं सवयीनं चपला काढल्या.

"काका, काढायच्या नाहीत," आतून एक बाई आल्या. "उलट हे घालायचे." त्यांनी जाड टाचेचे, बंद तोंडाचे बूट पुढं केले. इथं चप्पल घालून आत जाता येत नाही, अनवाणी तर नाहीच. पवित्र जागेत बूट काढतात एवढंच आजवर आम्हाला ठाऊक. बूट घातल्याशिवाय प्रवेश नाही अशी जागा दादानं पहिल्यांदा बघितली.

या रेड्डी मॅडम. प्रवेशाचं काम त्यांच्याकडं. मूळच्या देगलूरकडच्या, मराठी बोलताना वाक्याचा शेवट तेलुगूसारखा लांबवायच्या. त्यांच्या मागं आत गेलो आणि मी जागेवर थांबले.

समोर खरंखुरं विमान, आडवं चिरलेलं. कलिंगड कापावं तसं. पोटातून वायरी, नळ्या, सांगाडा, सगळं बाहेर. एका खिडकीच्या आत एक पोरगा बसून डोक्यावरच्या दिव्यात काही तरी सोलत होता, दुसऱ्या बाजूनं एका पोरीचे नुसते पाय दिसत होते. मी कधी विमानात बसलेली नाही. लांबून आभाळात बघितलेली ती चकचकीत वस्तू आतून अशी असते, पत्रा इतका पातळ असतो, हे मला खरं वाटेना. मी बोट लावून बघितलं. आमच्या धान्याच्या कोठीचा पत्रा याच्यापेक्षा जाड असेल.

"ह्याच्यात माणसं बसत्यात?" दादानं विचारलं.

"ह्याच्यात आता फक्त विद्यार्थी बसतात," मॅडम म्हणाल्या.

भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर टांगलेले, आणि प्रत्येकाच्या मागं त्याच आकाराची काळी सावली रंगवलेली. हत्यार काढलं की सावली उघडी पडते. काम संपल्यावर एक जरी सावली रिकामी दिसली तरी विमान जागचं हलवत नाहीत. सापडेपर्यंत सगळ्यांनी शोधायचं. परवा एक छोटा पाना मिळेना म्हणून अख्खी बॅच जेवायची राहिली आणि शेवटी तो शिकवणाऱ्या सरांच्याच खिशात निघाला, असं एका पोरानं मॅडमचं लक्ष नाही बघून सांगितलं.

दादा हसला. "आमचा एक पाना गेल्या सुगीपासून ट्रॅक्टरच्या बॉनेटमधी हाय. वाजतो अधूनमधून. चालून राहिलाय ट्रॅक्टर."

पोरगा हसला नाही. त्याचा चेहरा असा झाला की जणू दादानं घरात साप पाळल्याचं सांगितलं. दादा मग जाता जाता पुन्हा त्या फळ्याकडं वळून बघत राहिला.

पुढच्या खोलीत विद्यापीठाचा इतिहास भिंतीवर लावलेला. मॅडमनं फोटो दाखवत सांगितला. सुरुवात एका भाड्याच्या गॅरेजात. तिथं एकच विमान, तेही न उडणारं, भंगारातून आणलेलं. पहिली पोरं ते खोलायला आणि परत जोडायला शिकली. उडवायला काही नव्हतंच. मग वैमानिक पाहिजेत म्हणून फ्लाइंग क्लब झाला, क्लबाचं कॉलेज झालं, कॉलेजाचं विद्यापीठ. मग जागा कमी पडायला लागली. मोठ्या शहरांच्या विमानतळांवर शिकाऊ पोरांना कोण उडू देणार? तेव्हा त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातल्या धावपट्ट्या शोधायला सुरुवात केली. आमच्याकडच्या मोकळ्याच पडल्या होत्या. कडेच्या गवतात शेळ्या चरायच्या, असं मॅडमच म्हणाल्या.

"ते ठीक हाय," दादा म्हणाला. "पण धावपट्ट्या कोकणात बी असतील. पुण्याकडं असतील. इथं कामून आले?"

"आकाशामुळं," मॅडम म्हणाल्या. "शिकाऊ वैमानिकाला ढग चालत नाहीत, पाऊस चालत नाही. आपल्याकडं वर्षातले बहुतेक दिवस आभाळ कोरं. फ्लाइंगला असा प्रदेश मिळत नाही. आमच्या लोकांनी सगळीकडं बघून मराठवाडा निवडला."

दादा फोटोकडं बघत होता, तो मॅडमकडं वळला.

"म्हंजी पाऊस पडत न्हाई म्हणून आले."

"तसं नाही हो काका. आकाश स्वच्छ असतं म्हणून."

"तेच की."

मला आजही त्याचा तो चेहरा दिसतो. राग नव्हता त्यात. उभ्या आयुष्यात ज्या आभाळाला त्यानं शिव्या दिल्या, मृगात रोज सकाळी अंगणात येऊन हाताची झापड करून ज्याच्याकडं बघितलं, त्याच आभाळासाठी कुणी तरी नकाशा घेऊन शोधत शोधत इथवर आलं होतं. मी स्वतः मराठवाड्याच्या कोरडेपणावर मुलांकडून निबंध लिहून घेतले आहेत. ही बाजू माझ्याही डोक्यात कधी आली नव्हती. मला कुणी तरी धक्का देऊन खुर्चीतून पाडल्यासारखं झालं.

मॅडमनं शेवटी कामाचं सांगितलं. अंकिताचं नाव यादीत आहे, पण परवा सकाळी मूळ कागदपत्रं घेऊन इथं हजर व्हायचं. नाही झालं तर जागा पुढच्या मुलाला जाणार. थांबता येत नाही.

"उद्या लातूर बघू," दादा म्हणाला. "बघितल्याबिगर न्हाई."

मुक्काम मामेबहीण शकूकडं होता, विष्णुपुरीला. संध्याकाळी तिचे यजमान आम्हाला धरणाकडं घेऊन गेले. उन्हाळ्यानं पाणी पार मागं हटलेलं. दादा कठड्याला हात टेकून बराच वेळ पाणी सोडून आभाळाकडंच बघत होता. अंकिता त्याच्याशेजारी उभी होती.

लातूर

सकाळी शकूनं बाहेरून खिचडी-खट्टा मागवला. आमच्याकडं सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला नाही तर भाकरी. सकाळी सकाळी मसुराची खिचडी आणि वरून आंबट चिंचेचं पाणी हे दादाला पटेना, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग लातूरची एसटी.

लातूर माझं. मी तिथं शिकले. वसतिगृहात राहायचे, सुट्टी संपली की वडील पोत्यातून ज्वारी-डाळ घेऊन मला सोडायला यायचे आणि वॉर्डनबाईंसमोर टोपी काढून उभे राहायचे. त्या शहरात पाण्याच्या बादलीला नंबर असायचे. एका बादलीत अंघोळ, त्याच पाण्यात कपडे, उरलेलं संडासात. पुढं तर रेल्वेनं पाणी आणायची वेळ या गावावर आली, ते सगळ्या देशानं बघितलं. दुपारी गाड्यावर निलंगा राईस खाताना मी अंकिताला हे सांगत होते. तिनं ऐकलं, पण डोळे तिचे वर होते. एक बारीक विमान डोक्यावरून गेलं होतं.

लातूरची शाखा शहराबाहेरच्या माळावर. इथं विमानं उभी होती, आणि ती बघून दादाला पुन्हा धक्का. नांदेडचं कापलेलं विमान निदान मोठं तरी होतं. ही म्हणजे आमच्या ट्रॅक्टरपेक्षा हलकी. दोन पोरी एका विमानाला पंख्याजवळ धरून हातानं ढकलत आणत होत्या.

"बंद पडलं काय?" दादानं विचारलं.

"न्हाई मामा, असंच ढकलत्यात," शिंदे म्हणाला. हा शिंदे धावपट्टीवरून पाखरं हाकलायच्या कामावर. आम्हाला सावलीच्या पत्र्याखाली बाकावर बसवून साहेब येईपर्यंत आमच्याशी गप्पा मारत होता. टिटव्या आणि घारी उतरल्या की हा फटाका लावतो. दादाला हे काम लगेच समजलं. ज्वारीवर गोफण घेऊन त्यानं हेच केलेलं. "ह्याला पगार भेटतो?" त्यानं मला हळूच विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो खुशीत दिसला.

ती खुशी फार टिकली नाही. एक विमान उतरलं, चाकं टेकली, आणि थांबायच्या ऐवजी पुन्हा उडालं. दादा बाकावरून उठला.

"गेलं. गेलं बघा."

"गेलं न्हाई मामा," शिंदे म्हणाला. "शिकून राहिलेत. टेकायचं अन् परत उठायचं. दिवसभर हेच."

मग ते विमान खाली आलं आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबलं. पंखा फिरतच होता. डावीकडं एक मुलगी बसलेली दिसत होती, उजवीकडं शिकवणारे साहेब. फ्रीजचं दार उघडावं तसं एक दार उघडलं आणि साहेब खाली उतरले. त्यांनी वाकून आत काही तरी सांगितलं, दार लावलं, दारावर तळहातानं थाप मारली आणि शेपटीच्या बाजूनं वळसा घालून आमच्याकडं चालायला लागले. विमान त्या मुलीला घेऊन पुढं सरकलं.

"सर उतरला," दादा म्हणाला. "ए शिंदे, सर उतरला. पोरगी एकटीच हाय."

"सोडलं तिला," शिंदे म्हणाला आणि हातातला फटाका खाली ठेवून उभा राहिला.

साहेब पत्र्याखाली आले. कॅप्टन इनामदार. आमच्याकडं बघून त्यांनी मान हलवली, पण बसले नाहीत. ऊन डोळ्यावर येत होतं तरी सावलीच्या बाहेर जाऊन उभे राहिले. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावलं, आणि उठलं. दोन माणसांनी बसायच्या गाडीत एकच माणूस असल्यावर ती कशी हलकी उठते, तसं ते उठलं.

दादा त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. मला वाटलं हा आता साहेबांना काही तरी बोलून बसणार, म्हणून मीही गेले.

"तिला ठावं होतं का, आज एकटीला जायचंय म्हणून?"

"नाही," कॅप्टन म्हणाले. नजर वरच होती.

"सांगितलं न्हाई तुमी?"

"सांगत नाही आम्ही. आधी सांगितलं की रात्रभर झोपत नाहीत, आणि मग येत असलेलंही चुकतं. त्यांना यायला लागलं हे आपल्याला दिसतं. दिसलं की उतरायचं."

"आन तिच्या बापाला?"

"तो उदगीरला असेल, त्याच्या दुकानात. संध्याकाळी ती फोन करेल तेव्हा कळेल."

दादानं टोपी काढून पुन्हा डोक्यावर घातली. "आन तुमी हितनं काय करणार? काय झालं तर?"

"काही करता येत नाही," कॅप्टन म्हणाले. "उभं राहायचं."

विमान माळाच्या पलीकडं लांब गेलं, वळलं, पुन्हा वळलं. ते दिसेनासं झालं तो वेळ किती होता मला सांगता येणार नाही. मी एवढंच बघितलं की कॅप्टन बोटं एकमेकात घट्ट अडकवून उभे होते. मी अंकिताकडं वळले. मला वाटलं होतं तिला कापरं भरलं असेल. ती जमिनीवर उकिडवी बसून, हातानं हवेत त्या विमानाची वळणं काढत होती.

विमान परत आलं. एकदा टेकलं, थोडं उसळलं, माझ्या तोंडून "अगं माय" निघालं, आणि मग ते बसलं, सरळ पळालं, थांबलं. कॅप्टननं बोटं सोडवली.

त्यानंतर जे झालं त्यानं मी खरोखर हादरले. ती मुलगी खाली उतरली. फरहीन तिचं नाव. चेहरा असा की हसावं का रडावं तिलाच कळत नव्हतं. आणि तिच्या सोबतची पोरं मागून बादल्या घेऊन धावत आली आणि सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं. एक बादली, दुसरी बादली, कुणी तरी पाइपच लावला. पाणी तिच्या पायाखालून माळावर वाहत गेलं आणि तापलेल्या जमिनीनं ते गिळून टाकलं. लातुरात. मी जिथं अर्ध्या बादलीत केस धुतले त्या लातुरात. मी पुढं झाले, "अरे पाणी, पाणी कशाला" असं काही तरी ओरडले सुद्धा.

"हा रिवाज आहे मॅडम," कॅप्टन म्हणाले. "पहिल्यांदा एकटं उडून आलं की भिजवतात. सगळ्या जगात."

"सगळ्या जगात लातूर न्हाई," मी म्हटलं.

ते हसले. फरहीन भिजलेल्या ओढणीनं तोंड पुसत आमच्याकडं आली आणि का कोण जाणे, दादाला म्हणाली, "काका, मी आली न उतरून?" आमच्या सगळ्यांत बापाच्या वयाचा तोच दिसला असेल.

"हाव," दादा म्हणाला. "आलीस की लेकरा."

त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला 'हाव', पण तो आमच्या पोरीसाठी नव्हता.

परतीची एसटी

लातूरहून निघालो ती गाडी नांदेडचीच होती, वाटेत अहमदपूर. दुपार कलली होती. दादा आणि अंकिता पुढच्या बाकावर, मी मागं. मी मनात वाक्यं जुळवत होते. घरी पोचल्यावर जेवणं झाली की विषय काढायचा. वहिनीला आपल्या बाजूला घ्यायचं. दादा नाही म्हणाला तर पहाटेच्या गाडीनं मी स्वतः पोरीला घेऊन नांदेडला जायचं, मग घरात भांडण झालं तरी चालेल. मी कॉलेजला जावं म्हणून माझ्या वडिलांशी कुणाला भांडावं लागलं नव्हतं, ते स्वतःच मला घेऊन गेले होते. त्यांच्याच पोरानं आता अडवलं तर मी ऐकणार नव्हते.

चाकूर गेलं. खिडकीतून वारा नुसता भाजत होता.

अहमदपूरच्या स्टँडात गाडी वळली. कंडक्टर म्हणाला, "अहमदपूरवाले चला." मी पिशवी काढली. अंकिता उठली. दादा तिच्या आधी उठला होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं.

"तू कामून उठलीस? बस."

"म्हणजे?"

"कागदं संग हायत ना तुझ्या?"

"हायत."

"शकूला फोन लावतो. दाजी येतील स्टँडवर. सकाळी त्या म्याडमकडं जा अन् जागा धर." एवढं बोलून तो वळला आणि दाराकडं चालायला लागला. मागं बघितलं नाही.

मी मधल्या वाटेत तशीच उभी. मग म्हटलं, "दादा, एकटी? अरे एकटी कशी जाईल? थांब, मी जाते तिच्यासंग."

"न्हाई," तो पायरीवरून म्हणाला. "तू बी उतर."

"पोचेपर्यंत अंधार पडंल."

मागून कुणी तरी म्हणालं, "बाई, उतरायचं का बसायचं ते ठरवा की." मी अंकिताकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. पाठीवरची कागदांची पिशवी काढून तिनं मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी धरली होती. मी उतरले.

आम्ही दोघं खाली, गाडीला लागून उभे. दादानं शकूला फोन लावला, मोठ्यानं बोलला, ठेवला. खिडकीतून कंडक्टरचा आवाज आला, "ताई, तुमचं तिकीट इथपर्यंतच हाय."

"एक नांदेड," अंकिता म्हणाली.

गाडी निघाली. स्टँडाच्या गेटातून बाहेर गेली, रस्त्याला लागली, वळणावर दिसेनाशी झाली. धूळ खाली बसली तरी दादा तिथंच, रिकाम्या फलाटापुढं उभा होता. बाजूला लोक दुसऱ्या गाड्यांसाठी धावत होते.

"वहिनीला काय सांगायचं घरी?" मी विचारलं.

"तूच सांग. तू शिकलेली हाईस."

मला राग आला होता, आणि रडूही येत होतं. मी म्हटलं, "तुला भ्या न्हाई का वाटत?"

"वाटून राहिलंय की," दादा म्हणाला. "लई."